गिटार वापरात आहे

६ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला आणि तू पलीकडून "हो हो, मजेत" म्हणत राहिलीस, तेव्हा शेवटी कागद-पेन घेतलं. मी विचारत होते, दादाची बेस गिटार कुठे आहे. त्याला "मजेत" हे उत्तर होत नाही.

तर ऐक, म्हणजे वाच. दादाला जाऊन ऑक्टोबरात तीन वर्षं होतील. बारा तारखेला मास्तरांनी बॅन्डच्या हॉलमध्ये त्याच्या आठवणीची संध्याकाळ ठेवली आहे. जुनी सगळी गाणी वाजणार. अकॉर्डियन मास्तर स्वतः, ड्रमवर आपला धडाम, आणि बेससाठी दुसऱ्या बॅन्डमधला एक तरुण भाड्याने आणणार आहेत. पण दादाची गिटार स्टेजच्या मधोमध स्टॅन्डवर उभी असेल आणि तिच्यावर एकच पांढरा दिवा. कल्पना माझी. मास्तरांना मी शब्द देऊन बसलेय.

हॉलच्या दारावर लावायला त्याचा फोटोही मोठा करून घेतलाय. तोच गं, मान वाकवून गिटारच्या वरच्या टोकावर ओठ टेकलेला, डोळे मिटलेले. फोटोवाला म्हणाला, वाद्यावर एवढी माया करणारा माणूस मी पाहिला नाही. मी दुकानातच डोळे पुसले.

आता तुझं काम. गिटार पूर्वी होती तशी करून पाठव. काळी, चकचकीत. मधल्या काळात दादाने तिच्यावर जी ठोकाठोकी केली ती सगळी काढून टाक. तुझ्या लॅबमध्ये घासायची यंत्रं आहेतच. लोकांच्या कवळ्यांना चकाकी आणतेस, तर एका लाकडाला आणायला काय जातंय? आणि पार्सल नीट बांध, मागच्या वेळी पाठवलेल्या कपांचे नुसते कान पोचले होते.

इकडे तलावावर पोहायला शिकणाऱ्या पोरांची झुंबड आहे. दिवसभर शिट्टी फुंकून माझ्या गालांचा भाता झालाय.

तुझी नणंद,
शिट्टी

१७ ऑगस्ट

प्रिय शिट्टी,

गिटार पाठवता येणार नाही. वापरात आहे.

बाकी तू जे "पूर्वी होती तशी" म्हणतेस त्याबद्दल एक विचारायचंय. कधीच्या पूर्वी? तुझ्या दादाने ती आणली तेव्हा ती काळी होती हे खरं, पण तो रंग फार तर आमच्या लग्नापर्यंत टिकला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याला वाटलं की सूर घसरत घसरत गेला पाहिजे, अडखळत नको. म्हणून माझ्या लॅबमधली दातावरची टोपी उपटायची पक्कड नेली आणि गिटारच्या मानेवरचे धातूचे सगळे पडदे उपटून काढले. भेगा राहिल्या, त्या दातांचे साचे करायच्या प्लास्टरने बुजवल्या. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण नवीन नवरा बायकोला कशाला विचारतो? पुढच्या कार्यक्रमात ते प्लास्टर भुगा होऊन त्याच्या काळ्या पॅन्टवर सांडत राहिलं. मास्तरांनी त्याला कोंड्याचं औषध आणून दिलं होतं, आठवतंय? मग मी त्या भेगा पुढचे दात करायच्या मसाल्याने भरल्या. आजतागायत एक कण हललेला नाही.

रंग पुढे निळा झाला, कारण स्वयंपाकघराला लावून उरला होता. स्टेजच्या मागच्या पाइपला टोक आपटायचं म्हणून खुंट्यांच्या वरचा भाग करवतीने कापला. पोट सुटलं तेव्हा पोट कमी करायचं सोडून गिटारची पाठ तासली. आवाजाचं बटण तुमच्या आईच्या कपाटाचं आहे, हवं तर तेवढं पाठवून देते, तुमचंच आहे.

आता सांग, यातलं काय काय काढू? सगळं काढलं तर हातात एक अनोळखी गिटार उरेल. तिच्यावर पांढरा दिवा टाकून तुम्ही रडणार कोणासाठी?

माझं बरं चाललंय. कान होते तसेच, म्हणजे गेलेलेच. मशीन लावून पाहिलं, नुसती भांडी आदळल्यासारखं होतं. फोन करू नकोस, लिहीत जा.

तुझी वहिनी

२५ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

"वापरात आहे" म्हणजे काय? मी ते दोन शब्द चार दिवस चघळतेय. गिटार काही कपडे वाळत घालायला वापरत नाहीत. कोणीतरी वाजवत असणार. तू तर नाही. म्हणजे दुसरं कोणी आहे.

वहिनी, मी काही जुन्या वळणाची बाई नाही. तीन वर्षं झाली, तुझं वय काही फार नाही, शहर मोठं आहे, एकटीने दिवस काढणं किती जड जातं ते मला का कळत नाही? मी तरी एवढी वर्षं एकटी राहून काय मिळवलं, शिट्टी आणि सर्दी. तेव्हा कोणी असेल तर उघडपणे सांग. मी सगळ्यात आधी तुझ्या बाजूने उभी राहीन. पण त्याला स्वतःची गिटार घ्यायला सांग. दादाच्या गिटारवर दुसऱ्या कोणाचा हात फिरतोय, या विचाराने मला जेवण जात नाही.

कोण आहे तो? काय करतो? माणूस बरा आहे ना? बेस वाजवणारे लोक अबोल असतात, आपल्याला अनुभव आहे, तेव्हा नीट चौकशी करून घे.

आणि काहीही असो, गिटार पाठव. मास्तर रोज विचारतात.

शिट्टी

२ सप्टेंबर

प्रिय शिट्टी,

तुझं पत्र वाचून मी लॅबमध्ये एवढी हसले की हातातला खालचा जबडा फुटला. एका निवृत्त न्यायाधीशांचा होता. त्यांना आठवडाभर पातळ जेवावं लागलं, त्याचं पाप तुझ्या माथी.

माणूस बरा आहे. थोडा तापट. दातांच्या लॅबमध्ये नोकरी करतो. ऐकू येत नाही. शिट्टे, तो मीच आहे.

दादा गेल्यावर वर्षभर मी ती गिटार कपाटाच्या मागे ठेवली होती. एक दिवस विकायची म्हणून बाहेर काढली, पुसायला घेतली आणि पुसता पुसता तिचं वरचं शिंग, म्हणजे पट्टा अडकवतात ते टोक, माझ्या दातांना लागलं. त्याच क्षणी अंगठा जाड तारेवर पडला. आणि मला ऐकू आलं! कानांनी नाही. दातांतून जबड्यात, जबड्यातून थेट डोक्यात. किती वर्षांनी मला एक अख्खा, स्वच्छ सूर ऐकू आला होता. मी जमिनीवर बसून रडले. रडत रडत तीच तार परत परत वाजवत बसले, खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन दार वाजवून गेल्या असाव्यात, मला काय कळणार?

तेव्हापासून वाजवतेय. शिकावं फारसं लागलं नाही. हा घरी सराव करायचा तेव्हा मी त्या स्पीकरच्या पेटीला टेकून शिवणकाम करत बसायचे. माझे कान गेले तरी पेटीची थरथर पाठीला कळत होती. त्याची सगळी गाणी माझ्या पाठीत मुरलेली आहेत, ती फक्त बोटांत आणायची होती. आता आम्ही तिघी आहोत. केस कापायच्या दुकानातली एक पियानो वाजवते, मोटार शिकवणारी एक ड्रम. दर रविवारी म्हाताऱ्या मंडळींच्या क्लबात वाजवतो. मी ड्रमवालीच्या पायाकडे बघते, पाय पडला की माझा सूर. आजवर चुकलेली नाही.

शिंगाला दात लावायला सारखं वाकावं लागत होतं. म्हणून मी तिथे एक स्टीलची कांब बसवली, वाकवून तोंडापर्यंत आणली आणि तिच्या टोकाला माझ्या दातांचा साचा घेऊन चावायची पट्टी केली. कवळीच्याच गुलाबी मसाल्याची, हिरडीच्या रंगाची. आता ताठ बसते, पट्टी दातांत धरते आणि वाजवते. दिसायला भयंकर आहे, हे मीच सांगून टाकते.

तेव्हा बारा ऑक्टोबरला गिटार येईल, पण पार्सलने नाही. मी घेऊन येईन आणि मी वाजवीन. त्या भाड्याच्या तरुणाला तसं कळवायला सांग.

तुझी वहिनी

११ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी आनंद झाला, खोटं सांगत नाही. तू वाजवतेस! मी उठून तसंच मास्तरांकडे गेले.

जायला नको होतं. ते आधी हसले. मग म्हणाले, "बहिऱ्या बाईला तोंडात सळई देऊन स्टेजवर बसवायला माझा बॅन्ड म्हणजे काय सर्कस आहे?" म्हणाले, वाजवणाऱ्याला दुसऱ्याचं ऐकता आलं पाहिजे, ते येत नसेल त्याने घरी बसून हौस भागवावी. धडाम तिथेच होता. तो काहीतरी बोलायला गेला, त्याला गप्प केलं. शेवटी म्हणाले, गिटार पाठवा, वहिनींना पहिल्या रांगेत खुर्ची देतो.

मला राग आला. पण वहिनी, घरी येऊन मी शांतपणे विचार केला आणि मला वाटतं त्यांचं अगदीच चूक नाही. ती सळई डोळ्यांसमोर आणून बघ. अख्खा गाव असणार आहे. तलावावरच्या पोरांचे आईबाप असणार आहेत. लोक दादाला आठवायला येणार आणि तुझ्या तोंडाकडे बघून कुजबुजत घरी जाणार. दादा असता तर त्याला मान खाली घालावी लागली असती.

रविवारी तुमच्या क्लबात वाजव की, कोण नको म्हणतंय? ही एक संध्याकाळ त्याच्यासाठी सोड. मी हात जोडते.

शिट्टी

१६ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या दादाने मान खाली घातली असती, असं तुम्ही लिहिता. घातलीच होती. शेवटची सात वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही.

तो फोटो हॉलच्या दारावर लागला असेल तर जाऊन नीट बघा. ओठ टेकलेले नाहीत. दात टेकलेत. माया-बिया काही नाही, तो ऐकतोय. स्टेजवरच्या त्या भोंग्यांसमोर उभं राहून राहून त्याचे कान माझ्याआधी गेले. माझे लॅबच्या यंत्रांनी खाल्ले, त्याचे मास्तरांच्या बॅन्डने. आमच्या घरात आम्ही दोघं एकमेकांवर खेकसायचो आणि शेजाऱ्यांना वाटायचं, रोज भांडतात. शिंगाला दात लावले की ऐकू येतं हे त्यानेच शोधून काढलं, मला पुढे अपघाताने कळलं की तो काय ऐकत होता. त्याचा पुढचा एक दात त्यापायी तुटला, त्यावर मीच टोपी बसवली. तिची खूण त्या शिंगावर आहे, निळ्या रंगाच्या खाली लाकडात उतरलेली. मी केलेला दात मी विसरत नाही.

त्याने सांगितलं का नाही? कारण ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात गेले तेव्हा मास्तरांनी त्याला त्याच आठवड्यात काढलं होतं. मी त्याला फुकट दात करून दिले, तो पहिल्यापेक्षा बरा वाजवायला लागला, तरी परत घेतलं नाही. तुमच्या दादाने ते पाहिलं होतं. त्याने माझ्याकडून शब्द घेतला आणि मी तो पाळला, तुमच्यापाशीसुद्धा.

ती कांब मी पहिल्यांदा त्याच्यासाठी करायला घेतली होती. मान इतकी वाकवून वाकवून त्याला रात्री कूस बदलता येत नव्हती. मी म्हटलं, ताठ उभा राहा आणि उघड वाजव. तो म्हणाला, "लगाम घालून उभा राहू? लोक हसतील." लोक हसतील, म्हणून तो वाकत राहिला. तुम्ही नेमकं तेच मला लिहिलंत, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी वाकणार नाही. मला त्यात लाज नाही, आणि तुम्हाला असेल तर तुम्ही पहिल्या रांगेतली ती खुर्ची घ्या आणि डोळे मिटून बसा. गिटार माझ्यासोबत येईल नाहीतर येणारच नाही. स्टॅन्डवर दुसरं काहीतरी उभं करा.

तुमच्या भावाची बायको

२१ सप्टेंबर

वहिनी,

मला "तुम्ही" म्हणू नकोस. मार हवं तर.

हॉलवर जाऊन आले. फोटोच्या अगदी जवळ उभी राहिले. त्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या आहेत. जबडा आवळलेला आहे. एवढा मोठा करून घेतला, रोज येता-जाता बघितला आणि मला ते दिसलं नाही. जेवताना मी बोलत असायचे आणि तो ताटात बघत राहायचा, मला वाटायचं साहेबांना आता आमच्याशी बोलायला नको. तू मला तरी सांगायचं होतंस. मी त्याची बहीण आहे, बॅन्डची मालकीण नाही. त्याचा राग मला आहे आणि तो राहणार.

पण एक कळलं. आता मास्तरांच्या तोंडावर मारायला आपल्या हातात हत्यार आहे. "बहिऱ्या बाईला स्टेजवर कशी बसवू" म्हणतात ना? मी उद्याच जाऊन विचारते, बहिरा माणूस सात वर्षं तुमच्या शेजारी उभा राहून वाजवत होता, तेव्हा तुमचे कान कुठे होते? बघ कसे गप्प होतात. तू फक्त हो म्हण.

शिट्टी

२५ सप्टेंबर

शिट्टे,

खबरदार.

ते गुपित त्याचं आहे. तुला सांगितलं कारण तू त्याचा फोटो दारावर लावलास आणि मला राहवलं नाही. मास्तरांना सांगायचं नाही, धडामला नाही, तुझ्या तलावातल्या पाण्यालाही नाही.

आणि समज, सांगितलंस आणि मास्तर पाघळले, तर ते मला का बसवतील? तो बहिरा असून वाजवत होता, म्हणून. मला त्याच्या नावावर मिळालेली जागा नको. दयेवरही नको. मला वाजवता येतं म्हणून मी वाजवणार. एवढं साधं आहे, आणि एवढ्यासाठीच मी भांडतेय, हे कोणाच्या लक्षात कसं येत नाही?

तुला काही करायचंच असेल तर मास्तरांना इतकंच सांग की गिटार आणि मी वेगवेगळ्या मिळत नाही.

रागव हवं तेवढं. मीही रागावलेय, पण "तू"वर आलेय, हे लक्षात घे.

वहिनी

३ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सांगितलं. तुझेच शब्द. मास्तर म्हणाले, "म्हणजे अडवणूक." मी म्हटलं, "हो." चार दिवस मी गेले नाही, काल त्यांनीच तलावावर निरोप पाठवला. छापलेल्या पत्रिकेत "त्यांची लाडकी गिटार रंगमंचावर" असं आलंय, आता गिटारशिवाय त्यांची पंचाईत आहे.

ठरलं ते असं. सुरुवातीला एक गाणं तू वाजवायचं. एकच, ते संथवालं. सरावाची गरज नाही म्हणाले, कारण ते गाणं कोणी बिघडवू शकत नाही. गाणं झालं की तू गिटार स्टॅन्डवर ठेवायची, टाळ्या घ्यायच्या आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसायचं. पुढचं सगळं तो तरुण वाजवणार.

मला वाटतं यात तुझा मान राहतो. एक गाणं म्हणजे थोडं नाही. मी भांड भांड भांडले, आणखी नाही मिळालं. सळईबद्दल मी काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. तू तशीच ये.

आल्यावर स्टेशनवर मी आहेच. निळा स्वेटर.

तुझी शिट्टी

७ ऑक्टोबर

प्रिय शिट्टी,

येते.

एका गाण्याबद्दल मास्तरांचे आभार मान. मला पाठीला टेका नसलेलं उंच स्टूल लागेल, आणि धडामचा पाय दिसेल अशा ठिकाणी ते ठेवायला सांग.

वहिनी

१९ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तू दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघून गेलीस. ते न्यायाधीश आणि त्यांचे दात! इथे बोलायला माणूस उरलं नाही आणि सगळा गाव माझ्याशीच बोलतोय. मला लिहून काढू दे, नाहीतर माझं डोकं फुटेल.

तू स्टेजवर आलीस आणि ती गुलाबी पट्टी तोंडात धरलीस, तेव्हा माझ्या मागे कोणीतरी खुदकन हसलं. मी मागे वळून असं बघितलं की तलावात शू करणाऱ्या पोराकडेही मी तसं बघत नाही. मग तू सुरू केलंस. वहिनी, मला संगीतातलं कळत नाही. पण पायाखालची फळी जिवंत झाल्यासारखी वाटली. धडाम तुझ्याकडे बघत होता, तू त्याच्या पायाकडे. दादा वाजवायचा तेव्हा मला कायम वाटायचं की तो कसली तरी माफी मागतोय. तू अजिबात मागत नव्हतीस. मला त्या सळईची लाज कधीकाळी वाटली होती, याचंच हसू आलं.

गाणं संपलं. टाळ्या. मास्तर माइकवर आले, "वहिनींचे आभार, आता त्यांनी विश्रांती घ्यावी" म्हणाले आणि तो तरुण गळ्यात गिटार अडकवून पुढे आला. तू स्टुलावर बसलेली. मास्तर तुझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, आता उतरा." तू त्यांच्याकडे बघतेयस, पट्टी दातांत, चेहरा असा की जणू हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. ते परत म्हणाले. मग तिसऱ्यांदा, माइक बाजूला करून, ते काय म्हणाले मला ऐकू आलं नाही. आणि तू मान वळवलीस, धडामच्या पायाकडे बघितलंस आणि सगळ्यात जलद गाणं सुरू केलंस! धडामने एक क्षण मास्तरांकडे पाहिलं आणि दात विचकून तुझ्यामागे धावला. लोक उठून नाचायला लागले. मास्तरांचं तोंड उघडं ते उघडंच. पण अकॉर्डियन गळ्यात होता, करणार काय, वाजवायला लागले. नंतर नंतर बरे वाजवत होते. तो तरुण बिचारा गिटार भिंतीला टेकवून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही नाचता का?" मी नाचले. स्टॅन्ड शेवटपर्यंत रिकामा होता, आणि तो पांढरा दिवा त्या रिकाम्या स्टॅन्डवर.

काल मास्तर तलावावर आले होते. म्हणाले, "ती पट्टी दातांत धरून बसली होती ना वहिनी... मला एकदम वाटलं, त्याचंही तसंच होतं का हो?" माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण तुझा शब्द आठवला. मी म्हटलं, "ते तुम्ही त्याला विचारायला हवं होतंत." आणि शिट्टी फुंकली. ते निघून गेले.

गावात दोन तट पडलेत. एक म्हणतात, बिचारीला ऐकूच आलं नाही, तिला काय माहीत उतरायचं होतं. मास्तरही सगळ्यांना तेच सांगतायत, म्हणजे त्यांची लाज झाकली जाते. दुसरे म्हणतात, बाई पक्की आहे. मी दोन्हीकडे मान डोलावते, पण माझ्या मनातला किडा जात नाही. वहिनी, मला खरं सांग. ते तीन तीन वेळा म्हणाले, ते तुला खरंच ऐकू आलं नव्हतं?

तुझी शिट्टी

२६ ऑक्टोबर

प्रिय शिट्टी,

ऐकू आलं नव्हतं. शपथेवर सांगते, एक अक्षर नाही.

पण मी आयुष्यभर माणसांच्या तोंडाकडे बघून पोट भरलंय. समोरचा जीभ कुठे टेकवतो, ओठ कुठे मिटतो, कुठल्या दातामागून कुठला शब्द निघतो, हे मला झोपेतही कळेल. मास्तरांच्या वरच्या डाव्या सुळ्याची टोपी सैल झालीय, "वहिनी" म्हणताना ती हलते. त्यांना सांग, आले तर करून देईन, पैसे घेईन.

पहिल्यांदा ते म्हणाले, "वहिनी, आता उतरा." दुसऱ्यांदा म्हणाले, "वहिनी, लोक हसतायत, उतरा." मी लोकांकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं.

तिसऱ्यांदा ते म्हणाले, "त्याच्यासाठी तरी उतरा."

तेव्हा मी आवाज वाढवला.

तुझी वहिनी